ओल्या पडद्यामागून

कल्याण-ठाण्याकडच्या पुष्कळ माणसांनी माझा आवाज ऐकला आहे, पण मला पाहिलेलं नाही. जादूच्या कंदिलाचा खेळ असे, पडद्यावर काचेची चित्रं उमटत, आणि चित्रातली बाई बोलू लागली की लोक म्हणत, आत एखादा कोवळ्या गळ्याचा पोरगा बसवला असेल. आम्ही तसंच समजू दिलं. आमच्या ज्ञातीतल्या बाईनं चारचौघांत असं बोलणं त्या वेळी कोणी खपवून घेतलं नसतं. घरात वडीलधारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून निभावलं.

खेळ ह्यांचा. हे म्हणजे माझे यजमान. मिठाच्या खात्यात कारकून होते. ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवर त्यांचा दिवस जाई, आणि घरी आले की काच घेऊन बसत. कंदील मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून जुना मिळाला होता. पत्र्याची पेटी, आत घासलेटचा दिवा, पुढे पितळी नळीत बसवलेलं भिंग. काचेवर खारीच्या केसांच्या कुंचल्यानं हे सीता काढत, हरिण काढत, आणि दोन काचा एकीवर एक सरकवून हरणाची मान हलवत. कंदील पडद्याच्या मागेच ठेवायचा. पडदा म्हणजे मी शिवून जोडलेली धोतरं. ती भिजवून ताणली की उजेड आरपार जातो. मी त्या ओल्या कापडाशी खाली बसून बोलायची. मला चित्र उलटं दिसे, डावं उजवीकडे. माणसं मुळीच दिसत नसत. त्यांचा श्वास तेवढा कापडापलीकडून ऐकू येई.

मिठागराच्या बांधावर एक झोपडी होती. त्यात एक मीठकरी, त्याची बायको आणि त्या बायकोची आई अशी तिघं राहत. दुपारी ऊन चढलं की हे त्यांच्या सावलीला बसत. बसता बसता त्यांनी त्या बाईचं चित्र काढलं. मग चुलीचं, मग नवऱ्याचं, मग दोघं भांडतात त्याचं. एक दिवस मला म्हणाले, "देवांचा खेळ आता माझा हात आपोआप काढतो. ह्या घराचा खेळ करावा म्हणतो."

"त्यात काय आहे पाहण्यासारखं?" मी विचारलं.

"तो दमून येतो. ती भात वाढते. तिला गोड्या पाण्याच्या गावी जायचं आहे, त्याला खाडी सोडवत नाही. इतकंच आहे."

ती बाई खडं मीठ घेऊन आमच्या परसदारी येई. अंगानं लहान, पुढच्या दोन दातांत फट, पावलं मिठानं भेगाळून पांढुरकी झालेली. मी तिला मुद्दाम बोलती ठेवायची, कारण तिचंच बोलणं मला पडद्यामागून बोलायचं होतं. मी तिच्यासारखं बोलून दाखवलं की ती पदर तोंडाला लावून हसे. "बाय, तुमचा त्वांड लय सोवला," म्हणे. "पानी बोला. पाणी नको, पानी."

काचा पुऱ्या झाल्या तेव्हा ह्यांनी तिला परसात उन्हाकडे धरून एकेक दाखवली. स्वतःला पाहून ती लाजली. शेवटच्या काचेवर झोपडीचं नुसतं दार होतं, सताड उघडं, आणि पलीकडे खाडी.

"मी कुटं गेली?" तिनं विचारलं.

"गोष्टीत गेलीस. रागावून, घर सोडून."

"मंग परत कवा येते?"

"गोष्ट तिथेच संपते," हे म्हणाले.

तिनं ती काच पुन्हा मागून घेतली, बराच वेळ पाहिली. "दार उगरं टाकून मी जायची नाय," म्हणाली, आणि काच माझ्या हातात न देता तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून गेली.

त्यानंतर मिठाचा हंगाम सरता सरता, वैशाखात, ती ओहोटीच्या वेळी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला खाडीच्या चिखलात उतरली आणि परत आली नाही. भर दुपार होती. भरती आली, गेली, पुन्हा आली. तिची पाटी चिखलात सरळ ठेवलेली सापडली, आत दोन-चार चिंबोऱ्या जिवंत होत्या. बाकी काही सापडलं नाही. हे घरी आले ते पगडी हातात घेऊनच दारात उभे राहिले.

"मी झोपडीपर्यंत जाऊन आलो," म्हणाले. "दार उघडं होतं. अगदी मी काढलं आहे तितकंच."

 त्या काचा त्यांनी पेटीत घालून माळ्यावर टाकल्या, आणि पावसाळा तसाच गेला.

भात घरात आलं, थंडी पडली, तेव्हा कल्याणच्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याचं बोलावणं आलं. त्याची वखार रिकामी होती, तिथे दुपारी खेळ करायचा. झरोक्यांत गोणपाटं कोंबली, दारं लावून घेतली, आणि बाहेर ऊन तापत असताना आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. भाताच्या तुसाचा वास नाकात बसत होता. सीताहरण झालं, लंकादहन झालं. मी पाण्याचा घोट घेऊन आवरायला लागले, तर ह्यांनी दुसरी पेटी उघडली.

"हे कशाला?" मी कुजबुजले.

"बोल," ते म्हणाले. "नाहीतर तिची गोष्ट कोणाला कळायचीच नाही."

पडद्यावर बांध उमटला, मग झोपडी. पलीकडे चुळबूळ झाली. कोणीतरी म्हणालं, "हे कुणाचं घर? देव कुठे गेले?" मी नवऱ्याच्या येण्याची वाट पाहणाऱ्या बाईचं बोलणं सुरू केलं. हळूहळू चुळबूळ थांबली. चुलीची काच आली. त्यात ती पाठमोरी बसलेली होती, मान जराशी वळलेली, कानामागचे केस दिसतात एवढीच. पाठमोरं चित्र दोन्ही बाजूंनी पाठमोरंच असतं. मागे बसून मलाही तिची पाठच दिसत होती.

तेवढ्यात पडद्याच्या अगदी जवळून एक म्हातारा आवाज आला. "पोरी."

ह्यांचा हात काचेवर थबकला.

"पोरी, इकरं बग."

कोणी हसलं नाही. कोणी त्या म्हातारीला गप्पही केलं नाही. ह्यांनी मला खूण केली, पुढचं बोल. पुढचं वाक्य होतं, 'भात निवतो, बसा आता.' मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आयस, कोंबरी झाकली का?"

ते मी म्हणाले हे खरं. पण ते मला सुचलेलं नव्हतं. जिभेवर आधी खारट चव आली आणि मागोमाग शब्द आले. आवाजात दातांच्या फटीतून निघते तशी बारीक शीळ होती.

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हातारी हळूच म्हणाली, "झाकली गो."

ह्यांनी घाईघाईनं उघड्या दाराची काच सरकवली आणि खेळ संपवला. वखारीची दारं उघडली तेव्हा ऊन आत आलं, लोक डोळे चोळत बाहेर पडले. मी पडद्याच्या कडेला झालेल्या फटीतून पाहिलं. म्हातारी रिकाम्या पोत्यांवर बसली होती. जावई तिच्याशेजारी उभा होता, हात बांधून. म्हातारीचा भाऊ कल्याणात राही; ह्यांच्या काचांवर मुलीची चित्रं आहेत हे तिला ठाऊक होतं, म्हणून खेळाचं ऐकून ती तिथे आली होती. ह्यांना ती म्हणाली, "त्या दिशी बांधावरनं ती हेच बोलली. वर घार फिरत होती. आमची भांडणं झाली होती, म्हनून मी जबाब दिला नाय."

गाडीत ठाण्याला येताना हे माझ्याकडे एकसारखे पाहत होते.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"तिनंच कधी परसात म्हटलं असेल. कोंबडीबद्दल."

"असेल," मी म्हणाले. मला आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

जरा वेळानं ते म्हणाले, "हे वाक्य खेळात ठेवायला हवं. माणसं कशी गप्प झाली पाहिलंस ना?"

"मी पाहिलं नाही. मी मागे होते," मी म्हणाले. "आणि ते वाक्य मी पुन्हा बोलणार नाही."

ते वाक्य खेळात आलं नाही. पण म्हातारी आमच्या परसदारी येऊ लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा मी भांडी घासत होते. पावलं वाजली म्हणून मी दाराआड झाले. तिनं बाहेरूनच सांगितलं, "दार उघरू नका, बाय. आतनंच बोला." ती पायरीवर बसली, पाठ दाराला लावून. मी आतून, लाकडाच्या पलीकडे.  तीच सांगू लागली, जावई जेवत नाही, बांध एके ठिकाणी फुटला, बोंबील सुकवले ते कावळ्यांनी नेले. मी हूं म्हणत होते. मग तिनं विचारलं, "तुला तितं गार लागतं का?"

हो म्हणणं आणि नाही म्हणणं, दोन्ही मला सारखंच वाईट वाटलं. मी म्हणाले, "आता नाय लागत."

ती समाधानानं उठून गेली. अशी ती अधूनमधून येत राहिली, नेहमी भर दुपारी, सगळी आळी झोपलेली असताना. मी तिला कधी परत पाठवलं नाही. दया वाटे हे तर होतंच. पण मी तिची वाट पाहू लागले होते, आणि त्याचं मला नवल वाटे. ती येण्याआधी मला कळे. जिभेवर खार येई. मग मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन बसे, आणि थोड्या वेळानं पायरीवर पावलं वाजत.

घरात हळूहळू फरक पडला. आमटी खारट होऊ लागली; मला ती अळणीच लागे. एकदा हे जेवायला बसले असता मी विचारलं, "पानी देऊ?" ते घास हातात धरून बसले.

"काय म्हणालीस?"

"पाणी देऊ का म्हटलं."

त्यांनी ताट सारलं. त्या रात्रीपासून ते माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे पाहत, जसा बहिरा माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो तसे. माझी पावलं कोरडी पडून भेगाळली. थंडीचे दिवस होते, कोणाचीही भेगाळतात. मी खोबरेल लावत राहिले.

मग एके सकाळी मीठकरी स्वतः आला. परसात विहिरीपाशी उभा राहिला. माझ्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

"सायेब," तो ह्यांना म्हणाला, "तुमी तिला दारातनं भायेर घालवली. म्हातारी रोज दाराकरं बगत बसते. आता तुमीच तिला एकदा आत आना."

"मी? ते माझ्या हातात कुठे आहे?"

"घालवली तवा व्हतं ना हातात."

 तो गेल्यावर ह्यांनी नवी काच पुसायला घेतली.

ते चित्र त्यांना जमेना. पाठमोरं जाणारं माणूस त्यांनी कितीदा काढलं असेल, पण समोरून येणारी ती काही काचेवर उतरेना. पहिल्या काचेवर रंग वाळलाच नाही. सकाळी पाहिलं तर चेहरा खाली ओघळून लुगड्यात गेलेला. दुसरी काच कंदिलात घालताच तडकली, चेहऱ्यातून आरपार. तिसरी त्यांनी मला दाखवली नाही. ती मी कोनाड्यात कापडाखाली पाहिली. लुगडं तिचं, पावलं तिची, दारात येण्याची ढब तिची. चेहरा माझा होता.

मी ती काच घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"मुद्दाम नाही केलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज पार गेला होता. "मी तिचाच काढत होतो. शेवटचा कुंचला फिरवला आणि पाहतो तर ही."

मला भीती वाटली, पण त्यांची अवस्था पाहून ती मी मागे ढकलली. म्हणाले, "चेहरा काढू नका. ती खाडीकडून येते आहे ना? उजेड तिच्या पाठीशी आहे. मग चेहरा काळोखातच राहायचा." ते उठून काजळी घोटायला लागले.

खेळ मिठागरावरच केला. पौष असावा. सूर्य नुकताच बुडाला होता, मिठाच्या राशी अजून पांढऱ्या दिसत होत्या. दोन बांबूंना पडदा ताणला. गोडं पाणी तिथे प्यायलाच पुरत नाही, म्हणून माणसांनी खाडीचं पाणी आणून पडदा भिजवला. आसपासच्या आगरांवरची बायामाणसं येऊन बसली. म्हातारी सगळ्यांच्या पुढे बसली आहे असं मला ह्यांनी सांगितलं. मी पडद्यामागे बांधावर बसले. पाठीशी खाडी होती आणि भरती चढत होती.

मी बोलत गेले. नवरा आला, भात वाढला, भांडण झालं. एका बाजूला कोणी खोकलं, एवढंच. उघड्या दाराची काच आली आणि राहिली. ह्यांनी ती फार वेळ ठेवली. मग शेजारची काच हळूहळू आत सरकवली. दारात एक बाई उभी राहिली, पाठीमागे खाडीचा उजेड, चेहरा काळा, एक पाऊल उंबऱ्याच्या आत.

मला म्हणायचं होतं, 'आयली मी.' दोनच शब्द. माझा गळा मिटला. जीव घेऊन बोलायला गेले तरी ओठांतून हवासुद्धा निघेना. वारा सुटला होता. ओलं कापड फुगे, आणि दारातली बाई आत येई. कापड बसे, आणि ती मागे जाई. ह्यांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी मान हलवली.

तेव्हा पलीकडून म्हातारी म्हणाली, अगदी रोजच्या, जराशा त्रासिक सुरात, "आयलीस? पाय धू आदी. चिखल आनू नको घरात."

आणि आमच्या मागे, बांधाच्या कडेला, पाण्याचा आवाज आला. तांब्यानं पायावर पाणी घ्यावं तसा. एकदा, मग दुसऱ्या पायावर. मी मागे वळून पाहिलं नाही. ह्यांनीही पाहिलं नाही. भरतीचं पाणी दगडांत शिरलं असेल, असं ते नंतर म्हणत. असेलही. मी एवढंच सांगते की माझा गळा त्यासरशी मोकळा झाला आणि तोंडातली खारट चव गेली.

ह्यांनी कंदील मालवला. लोक बसूनच राहिले. अंधुक उजेडात मीठकरी उठला, झोपडीपर्यंत चालत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. वैशाखापासून ते कोणी लावलं नव्हतं. मग म्हातारीही काठी टेकत गेली. आत चूल पेटलेली आम्हाला दिसली, धूर आला, आणि आम्ही आवराआवर करून पडद्याची वळकटी बैलगाडीत टाकली.

दुसऱ्या दिवशी मी पडदा धुवायला काढला तर कापड वाळून कडक झालं होतं. वर काही नव्हतं. खालच्या भागात, जिथे चित्रातला उंबरा पडत होता तिथे, मिठाचा जाड थर होता. "पाणी खाली ओघळतं, मीठ तिथेच साठणार," हे म्हणाले. ते मिठाच्याच खात्यातले, त्यांना कळत असणार. मी तो पडदा तीन पाण्यांनी धुतला.

म्हातारी पुन्हा परसदारी आली नाही. आमटी ठीक होऊ लागली. काही महिन्यांनी मी एका शेजारणीबरोबर ठाण्यातच, चेंदणीच्या बाजूला गेले होते, तेव्हा ती रस्त्याकडेला मीठ विकायला बसलेली दिसली. तिनं माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले आणि विचारलं, "बरं आहे ना, आजी?"

तिनं वर पाहिलं. मी आणखी बोलले, तब्येतीचं विचारलं, जावयाचं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. "जावय बरा हाय," म्हणाली, "पन तुमी कोन? मीठ पायजे का, बाय?" मी मीठ घेतलं आणि घरी आले. वाटेत मला रडू आलं, आणि शेजारीण विचारू लागली तेव्हा मला कारण सांगता आलं नाही.

मीठकऱ्यानं पुढे दुसरा घरोबा केला आणि तो खाडी सोडून आत, गोड्या पाण्याच्या गावी गेला. हे वर्षभर देवच काढत राहिले. मग त्यांच्याच्यानं राहवेना, आणि कल्याणच्या एका कुंभाराच्या घराचा खेळ करायला घेतला. मात्र एकही काच रंगवण्याआधी त्यांनी त्या घरातल्या सगळ्यांना बसवून गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. कुंभारीण म्हणाली, शेवट बरा नाही, सून माहेरी जाते ते गाळा, ती भट्टीपाशी बसते असं दाखवा. ह्यांनी ते मान्य केलं. मग ती म्हणाली, भट्टीत मडकी किती आहेत तेही नीट काढा, फुटकं एकही नको. संध्याकाळ होईपर्यंत ती त्यांना सोडेना.